उन्हाचं मीठ

पुष्कळ पिढ्यांमागे समुद्राच्या काठाला एक लहानसं राज्य होतं. त्या राज्यात सहाशे भट्ट्या होत्या आणि सहाशे भट्ट्यांवर दिवसरात्र खाडीचं पाणी उकळत असे. मोठाल्या लोखंडी काहिलींत पाणी आटत जायचं आणि तळाशी मीठ धरायचं. घाटावरून बैलांचे तांडे उतरत, तांदूळ, कापड, लोखंड आणत आणि मिठाच्या गोणी लादून परत जात. मीठ होतं म्हणून राज्याचं पोट भरत होतं.

पण भट्टीला लाकूड लागतं. आजोबांच्या काळात जंगल भट्ट्यांच्या मागेच होतं. बापाच्या काळात ते डोंगराच्या पायथ्याला सरकलं. आता माणसं लाकडासाठी तीन दिवस चालत जात आणि डोक्यावर मोळी घेऊन तीन दिवस चालत येत. एका मोळीत जेमतेम एक काहील आटायची. मीठ महाग झालं, तांडे कमी येऊ लागले, आणि गावात जो तो म्हणू लागला, "अजून लवकर निघायला हवं, अजून लांब जायला हवं."

या राज्यात आनशी नावाची एक बाई होती. ती आणि तिचा नवरा एका भट्टीवर जाळ घालायचं काम करत. एका वर्षी नवरा लाकडाला गेला आणि परतीच्या वाटेवर दरड कोसळून त्याखाली सापडला. बरोबरच्या माणसांनी त्याला तिथंच मूठमाती दिली. त्याची मोळी मात्र त्यांनी आणली. लाकूड टाकून येणं कुणाला परवडणार! तिसऱ्या दिवशी भट्टी विझायला लागली तेव्हा सगळ्या भट्ट्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमानं आनशीला हाक मारली आणि तीच मोळी तिच्यापुढं सोडली. आनशीनं एकेक लाकूड हातात घेतलं आणि जाळात सारलं. ती रडली नाही. धुरामुळं सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळं कुणाच्या काही लक्षात आलं नसतं, तरीही नाही.

तिला मूलबाळ नव्हतं. दीर धाकू आणि जाऊ यांच्या घरात ती राहायची, भट्टीवर जायची आणि येऊन भिंतीकडं तोंड करून पडायची.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा ती खाडीवर खेकडे धरायला गेली. खडकाच्या एका खोलगट जागी मोठ्या भरतीचं पाणी अडकून राहिलं होतं आणि आठवडाभराच्या उन्हानं ते आटलं होतं. तळाला पांढरा पापुद्रा धरला होता. आनशीनं बोटानं खरवडून जिभेवर ठेवला. मीठ! चिमूटभरच, पण मीठ. तिनं इकडंतिकडं बघितलं. ना भट्टी, ना धूर, ना लाकूड. डोक्यावर ऊन तेवढं होतं.

ती तशीच ओल्या पायांनी मुकादमाकडं गेली.

"मुकादम, गावाबाहेरचं खाजण ओसाड पडलंय. ते मला द्याल का?"

खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरून खारावलेली चिखलाची जमीन. तिथं कुणी फिरकत नसे.

"तिथं काय करणार तू?"

"उन्हात मीठ धरतं का, बघते."

मुकादम हसला नाही. त्याला तिची कीवच आली. "बाई, नवरा गेल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही. घे ते खाजण. तेवढंच मन रमेल."

आनशीनं चिखलाचे बांध घातले, आत वाफे केले आणि भरतीचं पाणी त्यात घेतलं. आठ दिवसांनी बघते, तर वाफे कोरडे आणि मीठ कुठंच नाही. पाणी उन्हानं नेलं नव्हतं, ते जमिनीनं पिऊन टाकलं होतं. तो उन्हाळा तसाच गेला.

"वहिनी," धाकू एका संध्याकाळी म्हणाला, "भट्टीवर दोन हात कमी पडतात. लोक मला विचारतात, तुझी वहिनी चिखलात काय खेळते? काय सांगू मी त्यांना?"

"आणखी एक वर्ष बघू दे, भावोजी."

धाकूनं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मग ते वर्ष या घरात नको."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला रोज भट्टीवर लोकांची बोलणी खावी लागत होती, आणि ती खाण्याची ताकद त्याच्यात नव्हती.

आनशीनं खाजणाच्या कडेला गवताची खोपटी उभी केली. खेकडे धरायचे, ते देऊन मूठभर तांदूळ आणायचा आणि उरलेला दिवस चिखलात. त्या वर्षी तिनं वाफ्याची जमीन पायांनी तुडवली, मग लाकडाच्या चोपणीनं चोपली, पुन्हा तुडवली, पुन्हा चोपली. महिनाभरात जमीन अंगणासारखी घट्ट झाली. पाणी टिकलं आणि मीठही धरलं, पण चिखल मिसळून ते काळंकुट्ट झालं होतं. तिसऱ्या वर्षी तिनं भरतीचं पाणी आधी एका मोठ्या तळ्यात निवळू दिलं आणि मग वाफ्यात सोडलं. मीठ पांढरं आलं, पण इतकं कडू की जीभ आत ओढली जावी.

माणूस एकटा पडला की त्याला सगळ्यात आधी बोलायची सवय सुटते. आनशी विहिरीवर पाण्याला जायची तेव्हा वाटेत एखादं वाक्य मनात तयार करून ठेवायची. "यंदा थंडी लांबली," किंवा "तुझी गाय व्याली म्हणे." विहिरीवर पोचेपर्यंत बायका घागरी उचलून निघालेल्या असायच्या. ते वाक्य तसंच घेऊन ती परत यायची. कधीकधी एकच वाक्य चार-चार दिवस पुरायचं.

धुळवडीच्या दिवशी तर फारच जीव कासावीस व्हायचा. पुनवेच्या सुमाराला भरती सगळ्यात मोठी येते आणि भरदुपारी पाणी बांधाला टेकतं. तेव्हाच बांध फुटायची भीती. गावातून ढोल ऐकू यायचा, माणसांची आरडाओरड ऐकू यायची, आणि आनशी बांधावर हातात फावडं घेऊन उभी. पाणी झिरपलं की चिखल थापायचा आणि पुढं सरकायचं. पाणी उतरलं की ती खोपटीत येऊन बसायची. तिच्या कपाळाला कुणी रंग लावलेला नसायचा. चिखलानं मात्र ती नखशिखांत भरलेली असायची.

त्या कडू मिठापुढं ती कितीतरी दिवस बसून राहिली. मग एकदा तिच्या ध्यानात आलं. वाफ्यात मीठ धरतं, तेव्हा वर थोडं पिवळसर, चिकट पाणी उरतं. ती वाट बघायची की तेही आटू दे. तिनं ते पाणी जिभेला लावून बघितलं. सगळा कडूपणा त्याच पाण्यात होता! चौथ्या वर्षी तिनं ते पाणी आटू न देता ओढ्यासारखं बाहेर काढून दिलं आणि खालचं मीठ लाकडी फळीनं ओढून ढीग केला. चांदण्यासारखं पांढरंशुभ्र मीठ. तिनं एक खडा तोंडात टाकला आणि "झालं!" असं मोठ्यानं म्हटलं. आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

टोपली भरून ती राजाच्या दरबारात गेली.

राजा म्हातारपणाकडं झुकलेला, भला, पण भित्रा होता. त्यानं चिमूटभर मीठ चाखलं.

"मीठ आहे," तो म्हणाला.

"होय महाराज."

"आपल्या भट्टीचं असतं तसंच आहे. मग यात नवीन काय?"

"महाराज, याला एक काटकीसुद्धा लागली नाही."

मुकादम पुढं आला. "महाराज, हिच्या वाफ्यांत दिवसाला मूठभर मीठ निघतं, आणि पावसाळ्यात तेही नाही. पण हे लोकांच्या डोक्यात शिरलं, तर उद्या लाकडाला कोण जाईल? भट्ट्या विझतील. सहाशे भट्ट्यांवर सहाशे घरं जगतात. त्यांनी काय करायचं?"

आनशी म्हणाली, "तीच सहाशे घरं खाजणात उतरली तर सगळ्या राज्याला पुरून उरेल इतकं मीठ होईल. माझ्या दोन हातांचं हे एवढं झालंय. मला फक्त पाच माणसं द्या, आणि दोन वर्षं."

"आणि दोन वर्षांत नाही झालं तर?" राजानं विचारलं.

"तर का नाही झालं, ते कळेल."

राजानं कपाळावरून हात फिरवला. आयुष्यभर त्यानं आहे ते सांभाळलं होतं. त्याच्या बापानंही तेच केलं होतं. "आहे ते चाललंय, बाई," तो म्हणाला. "चाललेल्या गाड्याची चाकं कशाला काढायची? आजपासून या राज्यात जाळावाचून कुणी मीठ करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला दहा-बारा माणसं पहारी घेऊन खाजणात आली. आनशी बांधावर उभी होती. कुणी तिच्याकडं बघेना. सगळ्यांत शेवटी धाकू होता. मुकादमानं मुद्दाम त्यालाच पुढं केलं आणि पहिला घाव त्याला घालायला लावला. बांध फुटला. पाणी आत घुसलं आणि चार वर्षं तुडवून, चोपून केलेली जमीन तासाभरात पुन्हा चिखल होऊन गेली. माणसं निघून गेली. आनशी गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली. भरती ओसरली तरी ती तिथंच होती.

काही दिवसांनी एका तांड्याचा नायक त्या वाटेनं चालला होता. खोपटीजवळ त्यानं पाणी मागितलं आणि तिची हकिकत ऐकून घेतली.

"बाई, खाडीपलीकडं राणीचं राज्य आहे," तो म्हणाला. "तिथं पहिल्यापासून जंगल नाही, म्हणून मीठही नाही. कोळ्यांनी धरलेली मासळी तिसऱ्या दिवशी सडून जाते. तुझी गोष्ट मी राणीच्या कानावर घालू का?"

आनशीनं गावच्या धुराकडं बघितलं. तिनं पंधरा दिवस मागून घेतले. त्या पंधरा दिवसांत ती रोज गावात गेली. काही न घेता, काही न मागता, नुसती भट्ट्यांवरून चालत गेली आणि चालत आली. शेवटच्या दिवशी ती धाकूच्या घरी गेली. जाऊ दारात आली. आनशी म्हणाली, "मी पलीकडं चाललेय." जावेनं मागं वळून आत बघितलं. आत धाकूचा खोकला ऐकू आला, पण तो बाहेर आला नाही. जावेनं एक नारळ आणून तिच्या हातात ठेवला आणि दार लोटून घेतलं.

होडी खाडीच्या मध्यावर येईपर्यंत आनशी मागं बघत होती. काठावर कुणी नव्हतं. कुणी एका शब्दानं 'थांब' म्हटलं असतं, तर ती थांबली असती.

पलीकडची राणी वयानं तरुण होती. तिनं आनशीला समोर बसवून घेतलं. आनशीनं बरोबर आणलेलं मीठ न चाखताच ती म्हणाली, "हे कसं केलंस ते मला सांग. आधी काय काय चुकलं, तिथपासून सांग."

आनशीनं सांगायला सुरुवात केली. तिला बोलायला जड जात होतं. मधेच शब्द सापडत नव्हते. राणीनं घाई केली नाही. शेवटी तिनं विचारलं, "इथं किती दिवस लागतील?"

"इथली माती निराळी आहे. दोन वर्षं तरी मीठ मिळेल अशी आशा धरू नका."

"मग दोन वर्षं तू आणि तुझी माणसं खाणार काय?" राणी म्हणाली आणि कोठाराच्या माणसाकडं वळली. "हिला वीस माणसं द्या. त्यांच्या घरी दोन वर्षं धान्य जाऊ द्या. कुणी येऊन 'मीठ कुठंय' असं विचारलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा."

दोन वर्षं लागणार होती, तिथं अडीच लागली. पण मग त्या काठावर पांढरे ढीग उभे राहू लागले. मीठ इतकं स्वस्त झालं की कोळी मासळी खारवू लागले. खारवलेली मासळी महिनामहिना टिकायची. ती घाटावर गेली, घाटापलीकडच्या बाजारांत गेली. ती वाहायला मोठ्या होड्या लागल्या, म्हणून होड्या बांधणारे आले. होड्यांना दोर लागले, म्हणून काथ्या वळणारे आले. एका सुताराच्या डोक्यात आलं की बांधाला भरतीच्या जोरानं आपोआप मिटणारं दार बसवावं. पहिलं दार वाहून गेलं, दुसरं मोडलं. राणीनं तिसऱ्या दारासाठी बाहेरून लाकूड आणवून दिलं आणि ते टिकलं. आता पुनवेच्या भरतीला बांधावर उभं राहायची कुणाला गरज उरली नाही. पुढं तर असं झालं, की कुणाला काही सुचलं की तो घरात न दडवता चावडीवर येऊन बोलू लागला. दहातल्या आठ गोष्टी फुकट जायच्या. उरलेल्या दोन सगळं राज्य पोसायच्या.

आनशीला मोठा मान मिळाला. लहानथोर सगळे तिला 'आनशीबाई' म्हणत. ती वाटेनं चालली की माणसं उठून उभी राहत. पण उठून उभ्या राहिलेल्या माणसाशी दोन शब्द बोलत बसता येत नाही. त्यांची बोली निराळी, गाणी निराळी. तिच्याकडची एखादी गंमत तिनं सांगितली की लोक आदरानं ऐकून घेत, हसत मात्र नसत. 'आनशे' म्हणून हाक मारणारं माणूस त्या काठावर एकही नव्हतं.

रोज संध्याकाळी काम आटोपलं की ती खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायची. पलीकडं तिच्या गावचा धूर दिसायचा. आधी आभाळ काळवंडून टाकणारा धूर होता. दर वर्षी तो विरळ होत गेला. पाच-सहा वर्षांनी धुराच्या रेघा वेगवेगळ्या दिसू लागल्या. मग त्या बोटांवर मोजता येऊ लागल्या. एका पावसाळ्यानंतर तिनं बघितलं, तर अकरा उरल्या होत्या. त्या अकरा भट्ट्यांवर कोण असेल, याचा ती विचार करत बसायची. तिच्या मनात एकदाही 'बरं झालं' असं आलं नाही. यावं म्हणून तिनं प्रयत्न केला होता, तरी नाही.

पुढं खाडीपलीकडून माणसं कामाला येऊ लागली. एका सकाळी फळी ओढणाऱ्या नव्या मजुरांत एक पाठ तिला ओळखीची वाटली. ती जवळ गेली. धाकू होता. केस पिकलेले, गालफडं बसलेली.

तो फळी टाकून उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी पहिली पहार माझी होती."

"बघितलं होतं मी."

"तू काही बोलली नाहीस."

"बोलायला होतं कोण तिथं?" आनशी म्हणाली. मग तिनं फळी उचलून त्याच्या हातात दिली. "असं दाबून ओढू नकोस. खालची जमीन उखडते. हलक्या हातानं ओढ."

त्या दिवशी दोघं एका झाडाखाली भाकरी खायला बसली. जाऊ दोन वर्षांमागं वारली होती. गावात तांडे येत नव्हते. बिनलाकडाचं मीठ एवढं स्वस्त मिळत असताना महागाचं कोण घेणार? भट्ट्यांवरच्या लोखंडी काहिली मोडून लोक विळे करत होते. धाकू सांगत होता आणि आनशी ऐकत होती. खूप वर्षांनी तिच्या कानावर तिची बोली पडत होती, आणि ती बोली हे असलं सांगत होती.

त्याच वर्षी खाडीपलीकडचा राजा स्वतः आला. ना छत्र, ना चामर. दोन वल्हेकरी आणि एक जुनी होडी. तो आता काठीवर चालत होता. आनशी बांधावर होती, तिथंच तो येऊन खाली बसला.

"तेव्हा मी मीठ चाखलं," तो म्हणाला. "तुझं ऐकायला हवं होतं, ते राहून गेलं."

आनशीनं हातातलं काम थांबवलं.

"घरी चल. आपल्या खाजणात मिठागर बांधून दे."

"मिठागर बांधायला मी कशाला हवी, महाराज? धाकूलाही आता ते येतं. न्या त्याला. तीन वर्षांत तुमचं मीठ होईल. पण तांड्यांचे बैल आता इकडची वाट शिकलेत. ते तीन वर्षांत वळायचे नाहीत. मिठानं आपलं राज्य आता तरेल, पण मोठं होणार नाही."

"मग मी काय करू?" राजानं विचारलं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला पहिल्यांदाच हे विचारलं असेल.

आनशीनं थोडा वेळ खाडीकडं बघितलं. "माझ्यासारखं तिथं आणखी कुणी तरी असेल," ती म्हणाली. "कुठल्या तरी परसात, कुठल्या तरी खोपटीत. त्याला शोधा. त्याच्यावर होडीत बसायची वेळ येऊ देऊ नका. एवढं कबूल करत असाल तर येते."

राजानं कबूल केलं. आनशीनं राणीचा निरोप घेतला. राणी म्हणाली, "इथं आता तुमच्यावाचून अडत नाही. तुम्ही काम चांगलं केलंत, म्हणून अडत नाही." आणि तिनं स्वतः काठापर्यंत येऊन तिला होडीत बसवलं.

राज्यात परतल्यावर राजानं दवंडी पिटवली. 'ज्या कुणाला काही नवं सुचलं असेल, करून बघितलं असेल, फसलं असेल तरी, त्यानं चावडीवर यावं. त्याचं ऐकून घेतलं जाईल. करून बघायला धान्य आणि माणसं मिळतील.'

आनशी चावडीवर जाऊन बसली. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणसं लांबून जात, चावडीकडं बघत आणि पाय उचलत. एवढ्या वर्षांत त्यांना गप्प राहायची सवय झाली होती, आणि ती सवय दवंडीनं कशी मोडणार? राजा दर संध्याकाळी विचारायला येई आणि मान खाली घालून परत जाई. आठ दिवस गेले. पंधरा गेले. आनशी रोज सकाळी येऊन बसायची आणि अंधार पडायच्या आत उठायची. तिला वाटू लागलं, आपण फार उशिरा आलो. होती ती माणसं विझून गेली, भट्ट्यांसारखीच.

सतराव्या दिवशी एक म्हातारा आला. पायरीवर चढला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. काखेत फडक्याची एक लहानशी पुरचुंडी होती. ती तो सोडेना.

"काही नाही," तो म्हणाला. "उगाच आलो होतो."

"बसा तरी," आनशी म्हणाली.

म्हातारा बसला. बऱ्याच वेळानं त्यानं फडकं सोडलं. आत भाताच्या सात-आठ बारीक लोंब्या होत्या. काही पोचट, काही अर्ध्या भरलेल्या.

"खाजणाच्या कडेला लावतो," तो हळूच म्हणाला, कुणी ऐकेल की काय असं बघत. "खाऱ्या पाण्यात भात येत नाही म्हणतात सगळे. खरंच आहे ते. शंभर रोपं लावली की नव्वद-पंच्याण्णव जळून जातात. जी जगतात, त्यांचंच बी मी पुढच्या वर्षी पेरतो. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याला भ्रम झालाय. कुणाला दाखवलं नव्हतं मी."

आनशीनं एक लोंबी उचलली. दोन दाणे सोलून तळहातावर घेतले. तांदूळ होता. ती तशीच उठली, म्हाताऱ्याच्या समोरून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं,

"किती वर्षं जळालं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं. जन्मात त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"नऊ," तो म्हणाला. आणि मग पहिल्या वर्षापासून एकेक वर्ष तो सांगू लागला. आनशी ऐकत राहिली. दुपार उलटली, ऊन पायरीवरून खाली उतरलं, तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: कुठल्याही देशाची भरभराट आधी कुणा एकट्याच्या फसलेल्या प्रयत्नांत दडलेली असते, जो देश त्या एकट्याजवळ जाऊन बसतो तो पुढं जातो, आणि जो त्याला घालवून देतो तो आपलं उद्याचं अन्न घालवून बसतो.